जुन्या डेबियनचा रेपो जोडू नको

भाऊ, रावेरच्या केळीचा हिशोब करणारी तुझी स्क्रिप्ट पायथन २ (प्रोग्रॅमिंग भाषेची जुनी आवृत्ती) मागते आणि डेबियन १२ (एक लिनक्स सिस्टिम) मधून ते पॅकेजच काढलंय. पण तेवढ्यासाठी जुन्या डेबियनचा रेपो (पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) जोडू नको. मी भुसावळला जोडला होता. जुन्या-नव्या लायब्ररींची खिचडी झाली, पुढचं अपग्रेड अडकलं, दोन दिवस काम बंद.

पायथन २ चं २.७.१८ हे शेवटचं व्हर्जन, २०२० चं. त्याचा सोर्स (मूळ कोड) पायथनच्याच साइटवरून घे. आधी बिल्ड-इसेन्शियल (कोडपासून प्रोग्रॅम बनवायची साधनं) आणि झेडलिब या लायब्ररीच्या डेव्ह फायली टाक. कॉन्फिगर करताना प्रीफिक्सला (कुठे बसवायचं तो पत्ता) होम फोल्डरमधली वेगळी जागा दे, मग मेक (बांधणीची कमांड), मग मेक ऑल्टइन्स्टॉल (बसवायची कमांड). या शेवटच्या पायरीला सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागत नाही. नको झालं की ते फोल्डर उडव, बाकी सिस्टिम जशीच्या तशी. फक्त नेटवरच्या कामाला हे वापरू नको, सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत.