आयसीयू, हेलिकॉप्टर आणि आधी एमडी कशात?

प्रश्न : माझी मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करते आहे. आयसीयूतच काम करायचं आणि पुढे ऑस्ट्रेलियात फ्लाइंग डॉक्टर व्हायचं, असं तिनं ठरवलंय. एक एजन्सी त्यासाठी आत्ताच पैसे भरा म्हणते. आम्हाला वाटतं, तिनं गायनॅक करून इथंच दवाखाना टाकावा. अशा कामात स्थिरता असते का? – एक वडील, बार्शी

नमस्कार,

मुलीचं खूळ म्हणून हा विषय सोडून देऊ नका. तिनं निवडलेलं काम खरं आहे आणि फार मोलाचं आहे. फक्त एमबीबीएसनंतर थेट त्यात शिरता येत नाही. भूल, अतिदक्षता किंवा इमर्जन्सी मेडिसिन यांपैकी एका विषयात आधी हात तयार व्हावा लागतो.

का, ते सांगते. लहान रुग्णालयातला अत्यवस्थ पेशंट मोठ्या ठिकाणी सुखरूप नेणं, याला रिट्रीव्हल म्हणतात, आणि तुमच्या मुलीला हेच काम करायचं आहे. लोकांना वाटतं, पेशंट उचलायचा आणि सायरन वाजवत पळायचं. प्रत्यक्षात टीमचा बराच वेळ त्या पेशंटच्या खाटेपाशीच जातो. श्वासनलिकेतली ट्यूब नीट बसली आहे का, बीपी धरून ठेवणारी औषधं पंपावर सुरळीत चालू आहेत का, ऑक्सिजन पुरेल का, हे सगळं आधी बघायचं. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला पंधरा लिटरनं शंभर मिनिटांत संपतो. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब. हा हिशेब गाडी हलण्याआधी मांडायचा असतो.

हवेत आणखी अडचणी. वर दाब कमी होतो, तशी शरीरात अडकलेली हवा फुगते. फुप्फुस आणि छातीच्या पिंजऱ्यामध्ये थोडी हवा साठलेला पेशंट जमिनीवर बरा दिसतो आणि उंचीवर गुदमरतो. म्हणून छातीत नळी टाकायची की नाही, ते उडण्याआधीच ठरवावं लागतं. हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोपनं काही ऐकू येत नाही. ट्यूब जागेवर आहे का, हे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफच्या रेषेवरून ओळखायचं. सोबत एक नर्स किंवा पॅरामेडिक. शेजारच्या खोलीतून बोलावून घ्यायला सीनियर नसतो.

ऑस्ट्रेलियात हे काम मुरलेलं आहे, कारण तिथली अंतरं. 1928 मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लोनकरीहून फ्लाइंग डॉक्टरचं पहिलं विमान उडालं. पण तिथलेही अनेक डॉक्टर रोज उडत नाहीत. तरुण डॉक्टर प्रशिक्षणातले काही महिने या कामात घालवतात. पुढे तज्ज्ञ झाल्यावर बरेच जण आयसीयूतली किंवा इमर्जन्सीतली नोकरी सांभाळून काही पाळ्या रिट्रीव्हलला देतात. म्हणजे तुम्ही विचारलेली स्थिरता आयसीयूत आहे आणि उडणं हा त्याच कामाचा एक भाग.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : एमडीच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे नीट पीजीला, तिनं एमडी ॲनेस्थेशिया (भूलशास्त्र) धरावं. इमर्जन्सी मेडिसिनची एमडीही चांगली आहे, पण ऑपरेशन थिएटरमध्ये रोज ट्यूब टाकून, रोज बीपी सांभाळून जो हात बसतो, तो इतरत्र इतक्या लवकर बसत नाही. आणि तुमच्या काळजीवरही हेच उत्तर आहे. भूलतज्ज्ञ बार्शीतही लागतो, सोलापुरातही लागतो. बेत बदलला तर ती रिकाम्या हातानं परतणार नाही. एमडीनंतर नीट एसएस ही पुढची प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएम क्रिटिकल केअर, म्हणजे अतिदक्षतेतलं वरचं शिक्षण, करता येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ते आहे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 च्या रुग्णवाहिका डॉक्टरसह धावतात, तरी पूर्णवेळ रिट्रीव्हल डॉक्टर अशी पदं इथं मोजकीच. ही उणीव मला मनापासून खुपते. तिच्यासारखी मुलं शिकून परत आली, तर ती भरायला सुरुवात होईल.

गायनॅकचा आग्रह मात्र सोडा. तिथंही रात्री जागाव्या लागतातच, आणि मन नसताना जागणं फार जड जातं. आयसीयू तिला मानवेल का, हे आत्ताच तपासता येईल. भूल आणि कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगमध्ये तिनं हजेरीपुरतं न थांबता रात्रीही थांबावं. पहाटे तीनला नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना सीनियर काय बोलतात, ते ऐकावं. दुसऱ्या दिवशीही पाय आयसीयूकडेच वळले, तर तिची निवड पक्की समजा. पुढे एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉण्ड येईल. तेव्हा शक्य तर ग्रामीण रुग्णालय मागून घ्यावं. पेशंट हातातून निसटत असताना मोठ्या दवाखान्याला फोन लावणाऱ्या डॉक्टरची बाजू तिथं कळते, आणि रिट्रीव्हलच्या डॉक्टरला ती माहीत असायलाच हवी.

राहता राहिली एजन्सी. आत्ता एक रुपयाही देऊ नका. ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलच्या परीक्षेचा अर्ज उमेदवाराला स्वतः ऑनलाइन भरता येतो. त्याखेरीज इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिथलं अतिदक्षतेचं प्रशिक्षण किमान सहा वर्षांचं आहे; आपल्याकडच्या अनुभवातलं काय धरायचं, हे तिथलं कॉलेज, म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांची संस्था, कागद पाहून ठरवतं. त्यात एजंटाचं काही चालत नाही. तो पैसा आत्ता नीट पीजीच्या तयारीला लावा.