महान चित्रकारांवरील माहितीपट पाहून त्यांची चित्रे खरोखर कळतात का? सुरुवात कोणत्या माहितीपटापासून करावी?

चित्रकाराच्या आयुष्याचा तपशील हवा असेल, तर चांगले चरित्र वाचणे अधिक सोयीचे. माहितीपटाकडे वळावे ते चित्र घडताना पाहण्यासाठी, कारण पूर्ण झालेल्या चित्रात खोडलेल्या रेषा, बदललेले बेत आणि झाकून टाकलेले रंग सहसा दिसत नाहीत.

या दृष्टीने मी फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा १९५६ मधील ‘ल मिस्तॅर पिकासो’ सर्वांत महत्त्वाचा मानतो. पिकासो यांनी त्यात कागदाच्या आरपार झिरपणारी शाई वापरली आणि कॅमेरा कागदाच्या मागे ठेवला गेला. त्यामुळे चित्रकाराचा हात न दिसता रेषाच आपोआप उमटत जाते, आणि फुलाचा मासा, माशाची कोंबडी व शेवटी एका चेहऱ्याचा आकार कसा होतो, हे आपण पाहतो. (छायाचित्रण क्लोद रेन्वार यांचे, म्हणजे चित्रकार ओग्युस्त रेन्वार यांच्या नातवाचे.) पुढे समुद्रकिनाऱ्याचे एक मोठे चित्र पिकासो पुन्हा पुन्हा रंगवतात, ते बिघडल्याचे सांगतात आणि नव्याने सुरू करतात. हा सारा प्रसंग कॅमेऱ्यासाठी मांडलेला आहे, हे मात्र विसरू नये. चित्रफीत किती उरली आहे याची चर्चासुद्धा आपल्याला ऐकू येते.

फ्रांस्वा कांपो यांच्या १९४६ मधील लघुपटात फ्रेंच चित्रकार मातिस यांचे काम संथगतीने दाखवले आहे. नेहमीच्या वेगात सहज वाटणारा फटकारा संथ केला, की कुंचला टेकण्यापूर्वी हात हवेत किती घुटमळतो, ते लक्षात येते.

केवळ तयार चित्रांवर बेतलेल्या माहितीपटांबाबत मी थोडा साशंक आहे. आलँ रेने यांचा व्हॅन गॉगवरील १९४८ चा लघुपट गाजला, त्याला ऑस्करही मिळाले. पण तो कृष्णधवल आहे, आणि कॅमेरा एका चित्रातून दुसऱ्यात असा शिरतो की कोणते चित्र कुठे संपले आणि त्याचा आकार केवढा होता, याचा अंदाजच येत नाही. त्यातली गोष्ट परिणामकारक आहे, परंतु ती रेने यांची आहे.

सुरुवातीसाठी मी सत्यजित राय यांचा १९७२ मधील ‘द इनर आय’ सुचवेन. सुमारे वीस मिनिटांचा हा माहितीपट शांतिनिकेतनातील त्यांचे गुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर आहे. मुखर्जींची दृष्टी जन्मापासूनच अधू होती आणि पुढे ती पूर्णपणे गेली, तरी त्यांचे काम थांबले नाही. राय यांचे निवेदन कुठेही करुणा मागत नाही. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातील मध्ययुगीन संतांच्या भित्तिचित्रावर कॅमेरा ज्या संयमाने फिरतो, तो पाहून चित्राकडे किती वेळ थांबून बघायचे असते, हे कळते.

तेवढा धीर असेल, तर व्हिक्टर एरिसे यांचा १९९२ चा ‘एल सोल देल मेंब्रिल्यो’ त्यानंतर पाहावा. त्यात स्पॅनिश चित्रकार अंतोनियो लोपेझ अंगणातील एका फळझाडाचे चित्र काढतात आणि फळे वजनाने किती झुकली, हे कळावे म्हणून पानाफळांवर पांढऱ्या खुणा करतात. पुढे प्रकाश साथ देत नाही, म्हणून ते तैलचित्र सोडून रेखाटन हाती घेतात. दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात निवेदन नाही, त्यामुळे अर्थ सांगायला कोणी येत नाही, आणि मला तो त्याचा गुणच वाटतो.