केबलवरची कुलपं: आधी मालक कोण ते बघा, मग पाना उचला

अमेरिकेत नवं घर घेतलेल्या, किंवा केबल टीव्ही सोडून दिलेल्या मराठी कुटुंबांकडून सध्या एकाच जातीचे प्रश्न येत आहेत: भिंतीत कोॲक्स केबल (टीव्ही-इंटरनेटची गोल, जाड केबल) आहे, ती वापरायची आहे, पण टोकाला काहीतरी असं बसवलंय की ते निघतच नाही. गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत घरोघरी हेच वायरिंग करतो आहे, त्या अनुभवावरून ही उत्तरं.

प्रश्न: एडिसनला जुनं घर घेतलं. बेसमेंटमध्ये स्प्लिटर (एका केबलचे अनेक फाटे करणारी डबी) आहे आणि त्यावरच्या तीन केबलींच्या टोकांवर धातूची गोल नळी चढवलेली आहे. पाना आत शिरत नाही. आधीच्या मालकांनी केबल कधीच बंद केली होती. पकडीने धरून फिरवू का?

पक्कड बाजूला ठेवा. त्या नळीला सिक्युरिटी स्लीव्ह म्हणतात. तिच्या आत नेहमीचाच एफ कनेक्टर, म्हणजे टीव्हीच्या केबलच्या टोकाचा आट्याचा जोड, आहे आणि त्याच्या षटकोनी नटाला ७/१६ इंची, म्हणजे साधारण ११ मिलिमीटरचा पाना लागतो. स्लीव्हचं काम एवढंच, की तो पाना नटापर्यंत पोचू नये. बाहेरून पकडीने आवळलंत की नळी चेपते, नटावर घट्ट बसते आणि नटाबरोबर सगळी केबल पिळली जाते. अशी पिळलेली एक जोडणी मी एका घरी कापून काढली. मधली तांब्याचा मुलामा दिलेली तार स्प्लिटरच्या भोकात तुटून अडकली होती आणि भोवतीची जाळी उसवलेल्या दोऱ्यांसारखी बाहेर आली होती. तो स्प्लिटर टाकूनच द्यावा लागला.

यासाठी वेगळा पाना मिळतो. लांब, बारीक, एका बाजूने उभी चीर असलेला. चिरेतून केबल आत घ्यायची, पाना केबलवरून सरकवत स्लीव्हमध्ये न्यायचा आणि नटाचे कोपरे सापडेपर्यंत हलक्या हाताने फिरवायचा. कोपरे सापडले की हाताला कळतं. मग घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा. पुढचं बोटांनी होतं.

पण तुमच्या जागी मी असतो तर हा पानाही विकत घेतला नसता. केबल तुमची आहे आणि स्प्लिटर जुना आहे. स्लीव्हच्या मागे दोन इंचांवर केबल सरळ कापा आणि नवा कॉम्प्रेशन कनेक्टर (अवजाराने दाबून बसवायचा) बसवा. आधी केबलला पुरेसा झोल आहे ना ते बघा, म्हणजे एखादी चूक झाली तरी पुन्हा कापता येईल. बाहेरचं आवरण सोलून जाळी मागे दुमडा, मधल्या तारेभोवतीचा पांढरा भाग कनेक्टरच्या आतल्या तळाशी अगदी सपाट येईपर्यंत केबल दाबा आणि मग कॉम्प्रेशन टूलने दाब द्या. मधली तार नटाच्या कडेपुढे तीनेक मिलिमीटर दिसली पाहिजे. जाळीचा एक जरी केस मधल्या तारेला टेकला तरी सिग्नल तुटतो, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त द्या. केबलवर नुसता पिळून बसवायचा जुना कनेक्टर दुकानात अजून मिळतो. तो घेऊ नका.

आता ‘केबल तुमची’ असं मी का म्हणतो? अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, एफसीसीने, १९९३ मध्ये घरातल्या केबल वायरिंगचे नियम केले. घरात केबल शिरते त्याच्या बाहेर १२ इंचांवर सीमारेषा धरली जाते. ग्राहकाने सेवा सोडली की आतली वायर काढून नेण्याआधी कंपनीने ती ग्राहकाला फुटाच्या भावाने विकत घ्यायला सांगायची असते. ग्राहक नको म्हणाला तर सात दिवसांत न्यायची. न नेल्यास त्या वायरवरचा हक्क संपतो. तुमच्या घरातली सेवा बंद होऊन वर्षं झाली आहेत, तेव्हा तिथे कोणी दावा सांगायला येणार नाही.

प्रश्न: सनीवेलमधल्या आमच्या घरात बेडरूमच्या भिंतीवरच्या प्लेटवर एक धातूचं टोपण आहे. कितीही फिरवलं तरी नुसतं गरगर फिरतं.

ते लॉकिंग टर्मिनेटर, म्हणजे वापरात नसलेलं टोक बंद करणारं कुलपाचं टोपण. बाहेरचं कवच मोकळं फिरतं, आतला आटा जागचा हलत नाही. पुढच्या भोकातून त्याचीच किल्ली घातली तरच निघतं. किल्ल्या वेगवेगळ्या बनावटींच्या वेगवेगळ्या, त्यामुळे ऑनलाइन मागवलेली बसेलच असं नाही.

त्याच्याशी झगडू नका. प्लेटचे दोन स्क्रू काढा आणि प्लेट पुढे ओढा. कुलूप पुढच्या बाजूला आहे. मागे केबल साध्या नटाने जोडलेली असते आणि तो नट ११ मिलिमीटरच्या पान्याने सुटतो. कुलपासकट जुनी प्लेट टाकून द्या, दोन-तीन डॉलरची नवी बसवा. मागचा नट बोटांनी आवळल्यावर पान्याने पाव फेरा द्या, त्याहून जास्त नको.

प्रश्न: घराबाहेर, रस्त्याकडेला हिरव्या पेटीत आमची केबल जाते, तिथेही असंच कुलूप आहे. आता अवजार मिळालंच आहे तर ते उघडलं तर चालेल का?

नाही. ती पेटी, तिच्यातला टॅप (जिथून प्रत्येक घराची केबल निघते तो जोड) आणि त्यावरचं कुलूप कंपनीचं. परवानगीशिवाय केबल सेवा घेणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू चांगला असला तरी उघड्या पेटीपाशी तो समजावून सांगायची वेळ येऊ देऊ नका.

ही कुलपं आली कुठून, हेही सांगतो, कारण गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या एका आजोबांनी मला हेच विचारलं होतं. ॲनालॉगच्या काळात टॅपला केबल जोडली की बहुतेक चॅनेल थेट टीव्हीवर दिसायचे, म्हणून जोडणीलाच कुलूप. पुढे सगळं डिजिटल झालं, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये एफसीसीने पूर्ण डिजिटल झालेल्या कंपन्यांना अगदी मूळ पॅकेजही एन्क्रिप्ट करायची, म्हणजे नुसती केबल जोडून दिसणार नाही असं करायची, मुभा दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. चोरीचं कारण तेव्हापासून बरंच कमी झालं.

दुसरं कारण मात्र आजही खरं आहे: गळती. ढिली किंवा उघडी जोडणी ॲन्टेनासारखी वागते. विमानांची दिशादर्शक यंत्रणा आणि वैमानिकांचं बोलणं १०८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतं आणि केबलही आत तेच पट्टे वापरते. म्हणून कंपन्यांना गळती शोधून थांबवावी लागते. उलट दिशेनेही, एका घरातला विद्युत गोंगाट (उपकरणांचे नको असलेले सिग्नल) ढिल्या जोडणीतून शिरून सगळ्या गल्लीचं इंटरनेट मंद करू शकतो. म्हणूनच टॅपवरची रिकामी भोकं बंद ठेवतात.

प्रश्न: भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. खोल्यांमधल्या कोॲक्सवरून वायफायसाठी मोका ॲडॉप्टर (कोॲक्समधून घरातलं इंटरनेट नेणाऱ्या डब्या) लावायचे आहेत. स्प्लिटर बाहेरच्या पॅसेजमधल्या कुलूपबंद पेटीत आहे.

इथे तुमची हद्द साधारणपणे केबल तुमच्या घरात शिरते त्याच्या बाहेर १२ इंचांवर संपते. पेटी घरमालकाची किंवा कंपनीची. घरमालकाला लेखी कळवा आणि कंपनीकडून तंत्रज्ञ मागवा. त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या. स्प्लिटर ५ ते १६७५ मेगाहर्ट्झचा असू द्या, कारण मोका ११२५ ते १६७५ मध्ये चालतं आणि जुने स्प्लिटर १००० च्या आसपासच थांबतात. दुसरं, इमारतीतून केबल तुमच्या घरात येते तिथे मोका फिल्टर लावा, नाहीतर तुमचं नेटवर्क शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. दोन फाटे म्हणजे प्रत्येकी साधारण साडेतीन डेसिबल घट, चार फाटे म्हणजे सात. तेव्हा गरज असेल तेवढेच फाटे, आणि रिकाम्या भोकावर ७५ ओहमचा साधा टर्मिनेटर.

प्रश्न: नेपरविलला घर आहे, केबल सोडली आणि छतावर ॲन्टेना बसवला. आतली जुनी कोॲक्स त्याला जोडायची आहे. बाहेर भिंतीवर जोडणीपाशी एक हिरवी तार जमिनीकडे जाते, ती काढून टाकू का?

ती तार अजिबात काढू नका. ती अर्थिंगची आहे. वीज पडली किंवा कुठे विद्युतदाब चढला तर तो घरात न येता जमिनीत जावा, यासाठी ती आहे, आणि ॲन्टेना छतावर असल्यावर तिची गरज वाढते. ॲन्टेनाच्या खांबालाही अर्थिंग हवंच; ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बाकी जोडणी सोपी आहे. कंपनीची रस्त्याकडून येणारी केबल आधी पूर्ण सोडवा. तिथे स्लीव्ह असेल तर कंपनीला फोन करा, तेच येऊन सोडतील. ॲन्टेनाची केबल अर्थिंगच्या जोडणीतून आतल्या स्प्लिटरकडे न्या. दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या राहिल्या, तर ॲन्टेनाने पकडलेला सिग्नल कंपनीच्या जाळ्यात घुसतो, आणि त्यांचा माणूस गळती शोधत नेमका तुमच्याच दारात येतो.