सायकल-शंका : साठीनंतर घाट चढायचा, तर गिअर कोणते?

प्रश्न : वय 64, वजन 78 किलो. सायकलला शिमानो कंपनीचा 105 गिअर-संच (आर7000, 11 स्पीड, म्हणजे मागे 11 दातेरी चाकं) आहे. पुढे 50/34 (पायडलजवळच्या दोन चेनरिंगचे दाते), मागे 11-28 (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चाकाचे दाते). बोपदेव घाट आणि सिंहगडाच्या तीव्र चढावर सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडल जेमतेम फिरतं आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरतात. दुकानदार म्हणतो, 11-32 कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) टाका. तेवढ्यावर भागेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : थोडा आराम पडेल, पण भागणार नाही. आधी हिशोब पाहा. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून साधारण 90 किलो. 130 वॅटची ताकद टिकवून धरली, तर 8 टक्के चढावर वेग ताशी 6 किलोमीटरच्या आसपास राहतो, म्हणजे मिनिटाला 100 मीटर. 25 मिमीच्या टायरचा घेर सुमारे 2.1 मीटर. 34/28 गिअरमध्ये (पुढे 34, मागे 28 दाते) पायडलच्या एका फेरीत सायकल 2.55 मीटर पुढे जाते, म्हणून मिनिटाला फक्त 39 फेऱ्या होतात. 34/32 वर त्या 45 होतील, 34/34 वर 47-48, आणि पुढे 30 दात्यांची चेनरिंग घातली तर 30/34 वर 54. ताकद तेवढीच, वेग तेवढाच. पण 34/28 च्या तुलनेत 30/34 मध्ये पायडलवरचा सरासरी दाब सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. गुडघ्याला तोच जाणवतो. म्हणून या वयात सर्वांत हलका गिअर एकास एकपेक्षाही खाली असावा, म्हणजे पुढचे दाते मागच्यापेक्षा कमी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरुण मंडळी काय लावतात, ते पाहू नका.

सुरुवात मागून करा. डिरेल्युअरच्या (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) आतल्या बाजूचा कोड वाचा. शेवटी 'एसएस' असेल तर केज (चेनच्या दोन पुली धरणारा खालचा दांडा) आखूड आहे आणि कंपनीची मर्यादा 30 दात्यांची. म्हणजे दुकानदाराची 11-32 सुद्धा मर्यादेबाहेरच जाते. 'जीएस' असेल तर 34 पर्यंत चालतं. एसएसवर 34 रेटून बसवणारे भेटतात, पण वरची पुली कॅसेटच्या मोठ्या चाकाला घासते आणि पुढे-मागे दोन्हीकडे लहान चाक असलेल्या गिअरवर चेन लोंबते. त्यापेक्षा जीएस डिरेल्युअर आणि 11-34 कॅसेट (एचजी700) एकदमच घ्या.

ही कॅसेट 11 स्पीडच्या रोड फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या, कॅसेट धरणाऱ्या भागावर) बसवताना मागे 1.85 मिमीचा स्पेसर (पातळ चकती) लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) घट्ट करूनही कॅसेट डुलते आणि गिअर कधीच नीट लागत नाहीत. जुनी चेनही पुरणार नाही. नवी चेन मोठ्या चेनरिंगवरून आणि 34 च्या चाकावरून, डिरेल्युअरमधून न नेता, गुंडाळा. टोकं जिथे जुळतात त्यावर दोन कड्या वाढवून कापा. आखूड राहिली आणि घाईत पुढे 50 आणि मागे 34 लागला, तर हँगर (डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो किंवा डिरेल्युअरच तुटतो. शेवटी बी-टेन्शन स्क्रू फिरवून वरची पुली आणि मोठं चाक यांत 5-6 मिमी जागा ठेवा.

एवढं करूनही जड वाटलं, तर पुढचा भाग बदला : शिमानोच्याच जीआरएक्स मालिकेचा आरएक्स600, 46/30 क्रँकसेट (पायडलचे दांडे आणि चेनरिंग). तळाची बेअरिंग आहेत तीच चालतात. मात्र त्याची चेनलाइन (चेनरिंगचं फ्रेमच्या मध्यापासूनचं अंतर) 2.5 मिमी बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेल्युअरही जीआरएक्सचाच हवा; 105 च्या पुढच्या डिरेल्युअरचा, चेन ढकलणारा केज मोठ्या रिंगपर्यंत नीट पोहोचत नाही. दुसरी अडचण फ्रेमची. 46 ची रिंग 50 पेक्षा त्रिज्येत 8 मिमी लहान, म्हणून डिरेल्युअर तेवढा खाली सरकायला हवा. फ्रेमवर रिवेट केलेल्या बैठकीची खाच तिथवर जाते का, ते पैसे देण्याआधी मोजून घ्या. वेगाची काळजी नको : 46/11 वर मिनिटाला 90 फेऱ्यांना ताशी 47 किलोमीटर निघतात. उतारावर त्याहून जोरात जायचं, तर पायडल थांबवून बसायचं!

गिअर बदलूनही दुखलं तर सीटची उंची तपासा. खाली बसवलेली सीट गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण आणते. सूज किंवा जिना उतरताना वेदना असेल, तर मेकॅनिक नव्हे, डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझ्या सायकलला शिमानोचा 8 स्पीड क्लॅरिस संच आहे, पुढे 50/34, मागे 11-28. पसरणी घाट चढायचा आहे. कमी खर्चात काही होईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : होईल, आणि तुमचं काम वरच्या प्रश्नापेक्षा सोपं आहे. क्लॅरिसच्या शिफ्टरशी (हँडलवरच्या गिअर बदलणाऱ्या खटक्याशी) 8 आणि 9 स्पीडच्या माउंटन बाइकचे डिरेल्युअर जुळतात. लांब केजचा शिमानोचा अल्टस किंवा अ‍ॅसेरा, 8 स्पीडची 11-34 कॅसेट आणि नवी चेन घ्या. शिफ्टर तसेच राहतील. फक्त 10 स्पीड किंवा त्यापुढचा माउंटन डिरेल्युअर घेऊ नका. त्याची केबल खेचण्याची मापं वेगळी असतात, दोन-तीन चाकांनंतर गिअर चुकू लागतात. पसरणीचा चढ लांब असला तरी बोपदेवइतका अंगावर येत नाही. तिथे 34/34 पुरेल. लहान चेनरिंगवर घाटाच्या पायथ्यालाच या. भर चढावर, चेनवर पूर्ण जोर असताना पुढचा गिअर बदलला की चेन आतल्या बाजूला, थेट फ्रेमवर पडते.