खुनी कोण ते माहीत असूनही पुन्हा का पाहावंसं वाटतं?

मागच्या अंकात बोलता बोलता मी 'रिहर्सल फॉर मर्डर' या जुन्या अमेरिकन टीव्ही-चित्रपटाचं नाव घेतलं आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रं आली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते आणि या वेळची जागा त्यालाच देते.

प्रश्न : ताई, माझे सासरे नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. दिवाळीत मुलाने त्यांना हा १९८२ सालचा चित्रपट टीव्हीवर लावून दिला, तेव्हापासून थोडे दिवस गेले की त्यांना तो पुन्हा हवा असतो. खुनी कोण ते पहिल्याच वेळी कळलं. रक्त नाही, पाठलाग नाही, निम्म्याहून जास्त वेळ माणसं एका रिकाम्या थिएटरात बोलत असतात. विचारलं की म्हणतात, "तू नीट बघ." मी नीट बघितला. आवडलाही. पण पुन्हा पुन्हा बघण्यासारखं त्यात आहे काय?
— एक वाचक, जेल रोड

उत्तर : सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं उत्तर बरोबर आहे, फक्त कुठे बघायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगते. अॅलेक्स डेनिसन हा न्यूयॉर्कमधला नाटककार. त्याच्या नाटकातली नायिका मोनिका वेल्स हिच्याशी त्याचं लग्न ठरलेलं. शुभारंभाच्या प्रयोगाच्या रात्रीच मोनिका मरते आणि आत्महत्या म्हणून प्रकरण मिटतं. बरोबर वर्षाने अॅलेक्स त्याच थिएटरात जुन्या मंडळींना बोलावतो. निर्माता, दिग्दर्शक, नट, सगळे येतात. निमित्त असतं नव्या नाटकाच्या वाचनाचं. पानं हातात पडतात, वाचन सुरू होतं, आणि हळूहळू एकेकाच्या लक्षात येतं की हे नाटक मोनिकाच्या मृत्यूवरच बेतलेलं आहे. प्रत्येक प्रवेशात त्यांच्यापैकीच कोणाला तरी तिचा काटा काढायला कारण होतं, असं लिहिलेलं आहे. अॅलेक्सला खात्री आहे की तो खून होता आणि खुनी याच रंगमंचावर आहे. यापुढचं मी सांगणार नाही.

आता माझं म्हणणं. मी बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी हौशी नाटकांच्या तालमींना प्रॉम्प्टिंग केलं. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत संहिता धरून उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. प्रॉम्प्टरला नाटक दिसतं कमी आणि ऐकू जास्त येतं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. वाक्य पाठ झालं की नट त्याच्या आड सुखाने लपतो, पण पहिल्या वाचनात त्याला लपता येत नाही. पुढच्या ओळीत काय वाढून ठेवलंय ते त्याला ठाऊक नसतं, आणि ते तोंडातून निघत असतानाच त्याला कळतं.

एकदा भाऊबंदकीवरच्या एका नाटकाचं पहिलं वाचन होतं. आमच्यातल्या एका गृहस्थांच्या घरी तेव्हा वाटणीचा दावा चालू होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या वाट्याला वाक्य आलं, "त्या कागदावर मी सही केलीच नव्हती." ते थांबले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. पान एकदा उलटून पुढचं पाहिलं, परत मागे आले आणि रेल्वेची उद्घोषणा वाचावी तशा सपाट आवाजात ते वाक्य वाचून टाकलं. कोणी काही विचारलं नाही. पण टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला कळलं की इथे काहीतरी आहे.

अॅलेक्सचा सापळा नेमका हाच आहे. समोरची माणसं कसलेली आहेत, भावना हव्या तशा दाखवणं आणि दडवणं हा त्यांचा रोजचा धंदा. सरळ प्रश्न विचारला तर ती बेमालूम उत्तर देतील, वर्षभर देतच आली आहेत. म्हणून तो प्रश्न विचारत नाही, त्यांच्या हातात वाक्यं देतो. ज्याला जे बोलायचं नाही, तेच त्याला सगळ्यांदेखत मोठ्याने वाचावं लागतं. पोलिसी चौकशीचे शेकडो प्रवेश आपण पाहिलेत, पण नाटकवाल्याने नाटकवाल्यांना नाटकाच्याच हत्याराने गाठल्याचा हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. रंगभूमीची इतकी आतली जाण असल्याशिवाय असं काही सुचत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सासऱ्यांबरोबर बसाल तेव्हा जो वाचतोय त्याच्याकडे बघू नका. जो ऐकतोय त्याच्याकडे बघा. आणि एक डोळा सतत अॅलेक्सवर ठेवा. पहिल्यांदा आपण खुनी शोधण्यात गुंतलेले असतो, त्यामुळे हा माणूस काय मांडतोय, कोणाला कधी पुढे बोलावतोय, कुठे चिडतोय आणि ते चिडणं खरं आहे की तेही त्याने लिहून आणलंय, हे निसटतं. शेवट माहीत झाल्यावर त्याचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. ही भूमिका रॉबर्ट प्रेस्टनने केली आहे. त्याची बरीच वर्षं रंगमंचावर गेलेली, आणि रिकाम्या थिएटरात तो ज्या सवयीने वावरतो ते शिकवून येत नाही. मोनिका म्हणजे लिन रेडग्रेव्ह. तिला वेळ कमी मिळाला आहे, ही मला या चित्रपटातली एकच उणीव वाटते. ती अजून थोडी भेटली असती तर अॅलेक्सचं दुःख आपल्याला आणखी लागलं असतं. तरुण जेफ गोल्डब्लमही यात आहे. 'जुरासिक पार्क'मुळे तो आपल्याकडे घरोघरी माहीत झाला त्याच्या अकरा वर्षं आधीचा.

"खुनी तर कळला, मग पुन्हा कशाला?" या तुमच्या शंकेचं निम्मं उत्तर लेखकांनीच फार आधी देऊन ठेवलंय. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक ही ती जोडी. फिलाडेल्फियात शाळेत असतानाच दोघांची गट्टी जमली. रहस्यकथा आणि जादूचे प्रयोग हे दोघांचंही वेड. प्रेक्षक उजव्या हाताकडे बघत असताना डाव्या हाताने काम उरकायचं, हे त्यांच्या लिखाणात शेवटपर्यंत राहिलं. टीव्हीवरचा पोलीस तपास अधिकारी लेफ्टनंट कोलंबो हाही त्यांचाच. तो १९६०मध्ये टीव्हीवरच्या एका तासाच्या नाट्यात आला, १९६२मध्ये रंगमंचावर गेला आणि १९६८मध्ये पीटर फॉकच्या रूपात टीव्ही-चित्रपट होऊन घराघरात पोचला. कोलंबोच्या गोष्टीत खून कोणी आणि कसा केला ते आपल्याला सुरुवातीलाच दाखवतात. पुढचा सगळा वेळ आपण बघतो ते हे, की तो मळक्या रेनकोटातला माणूस खुन्यापर्यंत पोचतो कसा. म्हणजे नाव कळलं म्हणून गंमत संपत नाही, हे या दोघांनी 'रिहर्सल'च्या कितीतरी आधी सिद्ध केलं होतं. 'रिहर्सल'मध्ये त्यांनी नाव शेवटपर्यंत झाकलं, पण बांधणी मात्र अशी केली की नाव कळल्यावरही चित्रपट उभा राहावा. अमेरिकेतल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेने त्याला आपला एडगर पुरस्कार दिला तो उगाच नाही.

आणखी एक. मे १९८२मध्ये हा चित्रपट सीबीएस वाहिनीवर लागला तेव्हा मध्ये मध्ये जाहिराती होत्या. प्रेक्षकाने तेवढ्यात वाहिनी बदलू नये म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक धक्का, निदान एक बोचरा प्रश्न ठेवणं लेखकाला भागच होतं. आज जाहिरातींशिवाय पाहताना ते सांधे कळतात, दर थोड्या वेळाने छोटा पडदा पडल्यासारखं वाटतं. पैसाही बेताचा, म्हणून एकच मुख्य जागा आणि मोजकी माणसं. आपल्याकडच्या हौशी संस्थांना ही परिस्थिती काही नवी नाही. ट्रकभर नेपथ्य परवडत नाही तेव्हा संहिता घट्ट विणावीच लागते. दुपारी प्रेक्षागृह रिकामं असताना, वर एकच कामाचा दिवा लावून, चार खुर्च्यांवर झालेली तालीम ज्याने पाहिली आहे त्याला या चित्रपटातली हवा लगेच ओळखू येईल. सासऱ्यांना विचारून बघा, त्यांनी कधीकाळी कामगार नाट्य स्पर्धेत काम तर केलं नव्हतं ना?

प्रश्न : चित्र अंधुक दिसतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. टीव्हीच्या सेटिंगमधून चित्र मोठं केलं तर पट्ट्या जातात, पण माणसं जाडी दिसतात. काय करावं?
— एक वाचक, सिडको

उत्तर : पट्ट्या राहू द्या. त्या काळच्या टीव्हीचा पडदा चाराला तीन अशा मापाचा, जवळपास चौकोनी होता, आणि चित्रीकरण त्याच मापाने केलेलं असायचं. आजच्या सोळाला नऊच्या पडद्यावर ते ताणलं की चेहरे पसरतात, आणि या चित्रपटात चेहराच गेला तर हाती काही राहत नाही. वर-खाली कापून मोठं करणारा पर्यायही नको, त्यात कपाळं आणि हातातली पानं कापली जातात. चौकोनी पडद्यात अख्खा रंगमंच मावत नाही, म्हणून कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो. ती त्या मापाची देणगी आहे. अंधुकपणाचं म्हणाल तर आपल्यापर्यंत पोचणाऱ्या बऱ्याच प्रती जुन्या व्हिडिओ टेपवरून उतरवलेल्या असतात. खोलीतले दिवे मालवा, खूप फरक पडतो.

प्रश्न : मॅडम, आम्ही कॉलेजच्या एकांकिकेसाठी हाच चित्रपट मराठीत करायचा विचार करतोय. एकच लोकेशन, सात-आठ पात्रं, सगळं जमतंय. करावा का? आणि खुनाचं रहस्य स्टेजवर टिकवायचं कसं?
— एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : परवानगीशिवाय करू नकोस. या चित्रपटावरून डी. डी. ब्रुक यांनी केलेलं रीतसर रंगमंचीय रूपांतर आहे आणि त्याचे हक्क राखलेले असतात. मूळ लेखकांचं नाव घेऊन परवानगी मागायची तयारी असेल तर जरूर पत्र लिही. नाहीतर त्यांच्याकडून रीत शिक आणि गोष्ट तुझी लिही. गंगापूर रोडला राहतोस, आजूबाजूला द्राक्षबागा विकून उभी राहिलेली घरं आहेत, वाटण्या झालेली कुटुंबं आहेत. तुला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जायची गरज नाही.

रहस्य टिकवायचं म्हणजे सूत्र, म्हणजे खुन्याकडे नेणारा दुवा, लपवायचं, असा समज असतो. मला तो पटत नाही. सूत्र उघड्यावर ठेव, पण ते दिलं जाताना प्रेक्षकाचं मन दुसरीकडे गुंतव. भांडण ऐन रंगात असताना कोणीतरी सहज म्हणून जातं की दार आतून लावलेलं होतं. प्रेक्षक भांडणात असतो. वाक्य कानावरून जातं, पण जातं नक्की. किंवा महत्त्वाची वस्तू पडदा उघडल्यापासून समोर ठेव आणि तिला कोणालाही हात लावू देऊ नकोस. शेवटी जेव्हा हात लागतो तेव्हा सगळं प्रेक्षागृह मनात मागे जातं. जी गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत पहिल्यांदाच कळते तिच्यावर उकल उभी करायची नाही. ते प्रेक्षकाला फसवणं झालं आणि परीक्षक ते बरोबर ओळखतात.

पहिल्या वाचनाला नटांना शेवटची दोन पानं देऊ नकोस. तिथपर्यंत वाचून झालं की प्रत्येकाला एक चिठ्ठी दे आणि कोणावर संशय आहे ते लिहून घे. सगळ्यांनी बरोबर नाव लिहिलं तर सूत्र फार ठळक झालंय, थोडं मागे घे. एकानेही लिहिलं नाही तर ते पोचलेलंच नाही, आणखी एक वाक्य घाल. दोघा-तिघांना बरोबर वाटलं आणि बाकीच्यांना शेवट ऐकून "अरे, हे तर समोरच होतं" असं झालं, तर तालमी बिनधास्त सुरू कर. खुनी जो होणार आहे त्या मुलाने पहिल्या वाचनात कुठे श्वास घेतला, कुठे अडखळला ते प्रॉम्प्टरला संहितेच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवायला सांग. पाठांतर झालं की ते अडखळणं हमखास पुसलं जातं, आणि दोन महिन्यांनी तुला नेमकं तेच परत हवं असतं.

मान्यतेसाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठव, स्पर्धेच्या तोंडावर धावपळ नको. लिहून झाली की मलाही एक प्रत धाड, शेवटची दोन पानं काढून.