आवडतं संगीत नाटक सिनेमात आणायचं, तर पदांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका जुन्या संगीत नाटकावर पटकथा लिहायची आहे, त्यातली किती पदं ठेवावीत, चाली नव्या कराव्यात का, न गाणारा नट घेतला तर चालेल का, आणि ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर जमलं ते नेमकं कशामुळे.

पदांच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. आधी संहिता समोर ठेवून प्रत्येक पदापुढे तीन गोष्टी लिहा: कोण गातंय, कोणासमोर गातंय, आणि पद संपल्यावर परिस्थितीत काय बदललेलं असतं. रंगभूमीवर तिसऱ्या रकान्यात ‘काही नाही’ असलं तरी बिघडत नाही. प्रेक्षक गाणं ऐकायलाच आलेला असतो, वन्समोअर मिळाला की कथानक खुशाल थांबतं. पडद्यावर ते थांबणं लगेच जाणवतं. तिसरा रकाना कोरा राहिलेलं पद कितीही लाडकं असलं, तरी एकतर कापायचं, नाहीतर त्याच्या आत एखादी घटना घडवायची.

‘कट्यार’चं मोठं बळ इथेच आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७च्या नाटकातली माणसंच गवई आहेत. ती दरबारात गातात, रियाजात गातात, एकमेकांना हरवण्यासाठी गातात. ‘ही माणसं मधेच गायला का लागली’ हा प्रश्न उद्भवतच नाही. ‘घेई छंद मकरंद’ पाहा. पंडितजी आणि खाँसाहेब हे नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गवई. शब्द तेच, पण पंडितजींची चाल सालगवराळीतली, संथ; खाँसाहेबांची धानीतली, चढी आणि तानांनी भरलेली. रागाचं नावही माहीत नसलेल्या प्रेक्षकाला दोन घराण्यांतला फरक कानांनी कळतो. नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांनी तो झगडा चालींमध्येच बांधून ठेवला आहे. अशा जोडीतलं एक पद वेळ वाचवायला काढलं, तर दुसऱ्याचाही अर्थ जातो.

२०१५च्या चित्रपटाने आणखी एक गोष्ट नीट केली. नांदी आणि सूत्रधार पडद्यावर कृत्रिम वाटले असते, म्हणून निवेदन खुद्द कट्यारीकडे दिलं, रीमा लागूंच्या आवाजात. ज्या कट्यारीने केलेला एक खून माफ आहे, तीच गोष्ट सांगते. तुमच्या नाटकातही नांदीच्या जागी कोण बोलू शकेल ते शोधा. निव्वळ परंपरा म्हणून नांदी ठेवायची असेल, तर ती श्रेयनामावलीखाली वाजवा, दृश्य म्हणून नको.

आता अवघड प्रकार. खाडिलकरांच्या १९११च्या ‘मानापमाना’त धैर्यधर सेनापती आहे, गवई नाही. त्याच्या तोंडचं ‘चंद्रिका ही जणू’ हा रंगभूमीचा संकेत आहे, घटना नाही. तुमचं नाटक या जातीचं असेल, तर तीन वाटा आहेत. पहिली, पात्राला गाण्याचं कारण द्यायचं: देऊळ, लग्न, छावणीतली रात्र, कुणाला तरी ऐकवणं. दुसरी, ओठ मिटलेले ठेवून पद मनातलं म्हणून ऐकवायचं; ही सोपी वाटते, पण चित्रपटात एकदा-दोनदाच पेलते, तिसऱ्यांदा ते भरताड वाटू लागतं. तिसरी, संकेतच पूर्ण स्वीकारायचा. तसं असेल तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी बोलता बोलता गायलाच हवं. पाऊण तास साधं बोलून मग एकदम तान घेतली की प्रेक्षागृहात हशा पिकतो.

लांबीचा हिशेब मात्रांत, म्हणजे तालाच्या ठोक्यांत करा. मध्यलयीच्या पलीकडे, मिनिटाला १६० मात्रांच्या त्रितालात एक आवर्तन, म्हणजे १६ मात्रांचा एक फेरा, ६ सेकंदांचं होतं. साडेतीन मिनिटांत ३५ आवर्तनं मिळतात. मुखडा, एक अंतरा, चार-पाच ताना आणि तिहाई (तीनदा घेऊन संपवायचा तुकडा) त्यात आरामात बसतात. तोच त्रिताल मिनिटाला ६० मात्रांवर आणला, तर आवर्तन १६ सेकंदांचं आणि हातात जेमतेम १३ आवर्तनं. म्हणून संथ पदं संख्येने कमी ठेवा, पण ठेवाल ती तोडू नका. सगळी पदं सारखी चार-चार मिनिटांची करायची सवय या जातीच्या चित्रपटांना मारक ठरते: द्रुत पद रेंगाळतं आणि संथ पद अर्धवट राहतं. गाणं हाच विषय असेल तर अडीच तासांत ४०-४५ मिनिटं गायन चालतं. नसेल तर मी २५ मिनिटांच्या वर जाणार नाही. काटछाट करताना कात्री समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच चालवा. पाचव्या किंवा अकराव्या मात्रेवर जोड मारला, तर ताल न समजणाऱ्यालाही ठेच लागल्यासारखं होतं.

चालींबद्दल माझं मत ठाम आहे. जी पदं लोक घरी गुणगुणतात, त्यांच्या चालीला हात लावू नका. वाद्यमेळ बदला. ऑर्गनचा सूर कानावर पडला की डोळ्यांपुढे नाट्यगृह उभं राहतं. तिथे सारंगी किंवा स्वरमंडल आणलं की पद आपसूक वाड्यात, दरबारात जातं. नवीन गाणं तिथेच घाला, जिथे पटकथेने नाटकात नसलेला प्रसंग रचलाय. ‘कट्यार’मध्ये अभिषेकींची पदं आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी शेजारी शेजारी नांदली. त्यातल्या ‘अरुणि किरणी’साठी महेश काळेंना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हक्कांचं काम पटकथेच्या आधी उरका. लेखकाचा आणि संगीतकाराचा हक्क वेगवेगळा असतो, आणि प्रत्येकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यामुळे त्यांची संहिता आणि पदांचे शब्द २००८ अखेर मुक्त झाले. ‘मानापमाना’च्या मूळ चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्या चाली २०१५ अखेर. पण पुढे कुणी एखाद्या पदाला वेगळी चाल लावली असेल, तर तिचा हिशेब वेगळा. तुमच्या कानात घर करून बसलेली चाल मूळची आहे की नंतरची, हे जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून आधी ठरवा. दारव्हेकर आणि अभिषेकी ९०च्या दशकाच्या अखेरीस गेले, म्हणजे ‘कट्यार’सारख्या नाटकाला अजून कित्येक वर्षं वारसांची लेखी परवानगी लागणार. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरायचा असेल, तर ध्वनिमुद्रिका कंपनीचा हक्क तिसरा.

नट गाणारा हवा का? हवाच असं नाही. चित्रपटातल्या ‘कट्यार’मध्ये शंकर महादेवन स्वतः पंडितजी होऊन स्वतःच्याच आवाजात गायले, तर सचिन पिळगांवकरांच्या खाँसाहेबांना आवाज राहुल देशपांडेंचा होता. त्यांच्या आजोबांनी, वसंतरावांनी, मूळ नाटकात ही भूमिका गाजवली होती, आणि २०१०च्या पुनरुज्जीवित प्रयोगांत ती राहुल यांनीच केली होती. पार्श्वगायक निवडताना नटाचा बोलण्याचा आवाज आणि गायकाचा गाण्याचा आवाज एकामागून एक लावून ऐका. पट्टी जुळवता येते, आवाजाची जात जुळवता येत नाही. जोड लपवायला तंबोरा पदाच्या १०-१५ सेकंद आधी, संवादाखालीच हळू सुरू करा, आणि शेवटच्या वाक्याला व पहिल्या स्वराला एकाच खोलीची आस (घुमारा) द्या. तंबोरा वेगळ्या ट्रॅकवर सलग मुद्रित केलेला हवा, नाहीतर संवादाच्या प्रत्येक जोडावर तो तुटेल.

चित्रीकरणात सगळ्यात जास्त फसतं ते तानांचं. न गाणारा नट प्रत्येक स्वराला जबडा हलवतो. तयार गवयाचा जबडा द्रुत तानेत जवळजवळ स्थिर असतो. हालचाल दिसते ती गळ्याजवळ आणि पोटात, आणि तानेआधीचा श्वास डोळ्यांत दिसतो. नटाला स्वर पाठ करायला लावण्याऐवजी श्वासाच्या जागा पाठ करायला लावा: पदाचा कागद घ्या, जिथे गायकाने श्वास घेतलाय तिथे लाल रेघ मारा, आणि किमान महिनाभर रोज त्याच ध्वनिमुद्रणासोबत बसवा. जवळचं दृश्य आलापाच्या शेवटाला आणि समेला घ्या. तान चालू असताना ऐकणाऱ्याचा चेहरा किंवा तबल्यावरचे हात दाखवा. ते हात खऱ्या तबलजीचेच हवेत, डग्ग्यावर तळहात घासून काढलेली घीस खोटी करता येत नाही.

तंबोऱ्याचंही तसंच. पहिली, पंचमाची तार मधल्या बोटाने, मग जोडाच्या दोन तारा आणि खर्जाची तार तर्जनीने. नवखा नट ठेक्याबरोबर तारा छेडतो, आणि जाणकाराला ते पहिल्याच क्षणी खटकतं. तंबोऱ्याची गती तालाशी बांधलेली नसते.

संथगतीने दृश्य घ्यायचं असेल, तर नेहमीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ४८ चौकटींसाठी (फ्रेम) ध्वनीही दुप्पट वेगाने वाजवावा लागतो. त्या वेगात तान ओठांवर येत नाही, तेव्हा संथगती फक्त न गाणाऱ्या चेहऱ्यांसाठी ठेवा. तालाविना आलापाला क्लिक ट्रॅकचा (कानात वाजणाऱ्या ठोक्यांचा) आधार नसतो. तिथे दिग्दर्शकाशेजारी एक गाणारा माणूस बसवून प्रत्येक ओळीआधी हाताने इशारा द्यायला सांगा.

सेटवरच प्रत्यक्ष गाऊन घेण्याचा पर्याय तुम्हाला खुणावत असेल. २०१२च्या इंग्रजी ‘ले मिझेराब्ल’मध्ये नटांच्या कानात पियानो वाजत होता, ते सेटवर गात होते आणि वाद्यवृंद नंतर भरला गेला. तिथे सुरावट लिहिलेली होती. आपल्याकडे दोन टेकमधला आलाप कधीच सारखा नसतो, एका टेकचं चित्र दुसऱ्याच्या ध्वनीवर बसत नाही. म्हणून या पद्धतीने गेलात तर किमान तीन कॅमेरे एकाच वेळी चालवा आणि आख्खं पद एका दमात घ्या. खर्च वाढेल. त्यामुळे सगळ्या पदांसाठी हे करू नका; ज्या एका पदात पात्र गाता गाता कोसळतं, ज्यात सूर फाटला तरी चालेल, तेवढं पद असं घ्या.