इटलीत मुलांना घेऊन ओट्झीचं ओपन-एअर म्युझियम बघावं का?

तुम्ही विचारलंय की बोल्झानोला दोन दिवस आहेत आणि मुलं ८ आणि ११ ची, तर श्नाल्स खोऱ्यातलं आर्किओपार्क, म्हणजे ओट्झीचं ते ओपन-एअर म्युझियम, बघण्यासारखं आहे का. (ओट्झी म्हणजे आल्प्सच्या बर्फात सापडलेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस.) हो, बिनधास्त जा. फक्त एक गोंधळ करू नका, जो आमच्या ठाण्याच्या ग्रुपने केला होता: ओट्झीची ममी तिथे नाहीये, ती बोल्झानोच्या म्युझियममध्ये उणे ६ डिग्रीत ठेवलीय आणि छोट्या खिडकीतून बघायची. आमच्या एका काकांनी आर्किओपार्कला पोचल्यावर "बॉडी कुठंय?" म्हणून तोंड पाडलं ते शेवटपर्यंत.

आर्किओपार्कला त्या काळच्या झोपड्या उभ्या केल्यात, धनुष्यबाण चालवून बघता येतो. ओट्झी १९९१ मध्ये ३२१० मीटरवर सापडला, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर, आणि पायातल्या बुटात ऊब राहावी म्हणून चक्क गवत कोंबलेलं! त्याच्या पोटात आइनकॉर्न नावाचा जुना गहू सापडला, आपल्या खपलीचा चुलतभाऊ समजा. फिरणारं जातं तेव्हा नव्हतंच, आपल्या पाट्यासारख्या दगडावर घासून पीठ करायचे, हे आधी सांगून ठेवलंत तर मुलं जास्त रमतील. (कुऱ्हाड तांब्याची असल्याने तो खरंतर ताम्रयुगाच्या सुरुवातीचा, पण राहणी बरीचशी नवाश्मयुगीनच.)

हिवाळ्यात बंद असतं, तारखा बघून जा. आणि जुलै असला तरी स्वेटर घ्या, आपल्या ठाण्याच्या येऊर डोंगरावरच्या गारव्यावरून अंदाज बांधू नका.